शिकलेल्यांची श्रद्धा

शिक्षणाचा प्रसार झाला म्हणजे धर्मश्रद्धा आपोआप ओसरते, असें एक गृहीत आपल्या सुशिक्षित वर्गांत फार दिवसांपासून चालत आलें आहे. कोणी तें आनंदानें सांगतो, कोणी हळहळून सांगतो. गृहीत मात्र दोघांचें एकच. परभणीसारख्या जिल्ह्याच्या गांवीं तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत घालविल्यावर मला या गृहीताविषयीं बराच संशय वाटूं लागला आहे. तो निव्वळ पुस्तकी असता तर वाचकांपुढें मांडण्याचें धाडस मीं केलें नसतें.

पुस्तकांतला पुरावा दोन्ही पक्षांच्या वकिलांना पुरून उरेल इतका आहे. मुंबई विश्वविद्यालयाचे पहिले पदवीधर १८६२ सालीं बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पाश्चात्य विद्येची पहिली ओंजळ ज्यांना मिळाली त्या या दोघांनीं कर्मकांड बाजूला सारलें, पण देव सोडला नाहीं. प्रार्थनासमाजाच्या व्यासपीठावरून ते तुकोबांचा आधार घेऊन ईश्वरभक्तीच सांगत राहिले. त्यांच्या मागून आलेल्या आगरकरांनीं तीच विद्या संपादिली, मिल्ल आणि स्पेन्सर पचविले, व ते थेट अज्ञेयवादाला जाऊन पोंचले. त्यांच्या हयातींतच पुण्यांत त्यांची प्रेतयात्रा निघाली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढच्या पिढींत फर्ग्युसन कॉलेजाचे प्राचार्य होते रँग्लर परांजपे. १८९९ सालचे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, आणि उघड बुद्धिवादी. त्याच कॉलेजांत तत्त्वज्ञान शिकविणारे रामचंद्र दत्तात्रेय रानडे मात्र नामस्मरणाच्या वाटेनें जाऊन निंबाळचे गुरुदेव झाले. एका छपराखालचे, सारख्याच तोलाचे दोन विद्वान. यांतल्या कोणाच्या पदवीवरून श्रद्धेचें माप काढावयाचें?

अमेरिकेंत असें माप काढण्याचा यत्न झालेला आहे. ल्यूबा नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९१४ सालीं तेथील शास्त्रज्ञांना विचारलें, कीं प्रार्थनेला ओ देणारा देव तुम्ही मानतां काय? शंभरांतल्या सुमारें चाळिसांनीं होकार दिला. १९९६ सालीं लार्सन व विथॅम या दोघांनीं तोच प्रश्न पुन्हां विचारला. मध्यंतरीं दोन महायुद्धें होऊन गेलीं, अणु फुटला, माणूस चंद्रावर जाऊन आला. चाळिसाचा आंकडा जागचा फारसा हलला नाहीं. मात्र १९९८ सालीं तेथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सभासदांना, म्हणजे अगदीं अव्वल शास्त्रज्ञांना, विचारलें तेव्हां होकार देणारे शंभरांत सातच निघाले. विद्येच्या शिखरावर श्रद्धा विरळ होते, हें तेव्हां कबूल केलें पाहिजे. पण आमच्या जिल्ह्यांत शिखरें नाहींत. काळी जमीन आहे.

या काळ्या जमिनींत शिक्षण उशिरा रुजलें. आमच्या आजोबांची पिढी निजामाच्या राज्यांत उर्दूंतून शिकली, तीहि मूठभर. २०११ च्या शिरगणतींत मात्र जिल्ह्यांतील साक्षरांचें प्रमाण शंभरांत त्र्याहत्तरांवर गेलें होतें, आणि १९७२ पासून परभणीला कृषिविद्यापीठ आहे. या शिक्षणानें कांहींच पुसलें नाहीं असें म्हणणारा कृतघ्न ठरेल. माझ्या लहानपणीं मराठवाड्यांत भानामतीची केवढी दहशत होती! अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठत, दोरीवरचीं लुगडीं पेटत, चांगल्या घरच्या सुना कुत्र्यासारख्या भुंकूं लागत. आणि मग कोणा एका गरीब म्हातारीवर संशय जाऊन तिला मार बसे. मानवतला १९७२ ते १९७४ या काळांत बायकांच्या व लहान मुलींच्या ज्या हत्या झाल्या, त्यांच्या मुळाशीं गुप्तधनासाठीं नरबळी देण्याची समजूत होती असा सरकारपक्षाचा आरोप होता. त्या गांवाचें नांव आमच्या घरांत दबक्या आवाजांत घेत. आज माझ्या वर्गांतल्या मुली भानामतीचें नांव काढलें कीं हंसतात. हें हंसणें शाळेनें दिलें आहे, आणि मी तें थोडें मानीत नाहीं.

मग माझा संशय कशाविषयीं आहे? १९९५ च्या सप्टेंबरची २१ तारीख अनेकांच्या स्मरणांत असेल. त्या दिवशीं देशभर गणपति दूध प्याले. मी नुकताच नोकरीला लागलों होतों. आमच्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञानाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. फार चांगले शिक्षक. त्यांनीं दुपारीं शिक्षकांच्या खोलींत फळ्यावर आकृति काढून पृष्ठताण म्हणजे काय, चमच्यांतलें दूध दगडावरून कसें ओघळून जातें, हें आम्हां सर्वांना समजावून दिलें. इतकें सुबोध विवेचन मीं त्यापूर्वीं ऐकलें नव्हतें. संध्याकाळीं ते मला मंदिराच्या रांगेंत वाटी घेऊन उभे असलेले दिसले. मला पाहून म्हणाले, "घरच्यांचा आग्रह."

या दोन शब्दांत माझें सारें म्हणणें आलें आहे. शिक्षणानें त्या गृहस्थांची श्रद्धा गेली नव्हती, आणि जावी असा माझा हट्टहि नाहीं. फक्त ती त्यांची राहिली नव्हती. ती घरच्यांच्या नांवावर जमा झाली होती. घरीं विचारलें असतें तर त्यांच्या पत्नीनें कदाचित् सासूबाईंचें नांव सांगितलें असतें. त्यानंतर मीं हीच रीत कितीदां तरी पाहिली. प्रयोगशाळेंत सत्यनारायण होतो तो शिपायांच्या समाधानासाठीं. बंगल्याचें दार हलवितात, कारण त्यामागें म्हणे शास्त्र आहे. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसांत हिंदु-मुसलमान दोघांचीहि गर्दी लोटते. खेड्यांतून आलेला शेतकरी मोकळेपणानें सांगतो, कीं बैल बरा झाला म्हणून आलों. शिकलेला मनुष्य सहज फिरावयास आलेला असतो, आणि त्याच्याहि हातांत फुलांची चादर असते. श्रद्धा ठेवून तिचा सातबारा दुसऱ्याच्या नांवें करण्याचें कसब तेवढें आम्हीं पदवीबरोबर मिळविलें.

याच्या उलट माझी आई. ती गंगाखेडजवळच्या एका खेड्यांतली, जनाबाईच्या मुलखांतली. तिला अक्षरओळख नव्हती. परंपरा सांगते, कीं जनाबाई गंगाखेडची आणि पंढरपुरास नामदेवांच्या घरीं दासी म्हणून राहिलेली. तिच्या नांवावरच्या अभंगांत विठ्ठलाचे लाड आहेत तसें त्याच्याशीं कडाक्याचें भांडणहि आहे. आईचा व्यवहार तसाच होता. माझी धाकटी बहीण पांच वर्षांची असतां तापानें गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीं आईनें देव्हाऱ्यांतली विठोबाची तसबीर उचलली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवून दिली. गळ्यांतली माळ काढली नाहीं, एकादशी मोडली नाहीं. पण वर्षभर तसबिरीला ना गंध, ना फूल. शेजारच्या सुशिक्षित बाईंनीं असें करूं नये म्हणून सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "त्याचं अन् माझं आहे ते. तुमी मदी पडू नका." पुढच्या आषाढींत एके सकाळीं तसबीर पुन्हां सुलटी झालेली दिसली. त्या दोघांत काय ठरलें हें आम्हांला कधींच कळलें नाहीं.

एम्. ए. झाल्यावर मीं तिला स्पष्ट सांगितलें, कीं देव आहे असें मला वाटत नाहीं. ती तांदूळ निवडीत होती. बराच वेळ निवडीत राहिली, आणि मग म्हणाली, "तुला पटंना तर नको करू, बाबा. पण लोकाला दाखवायला म्हणून कधी करू नको." आगरकरांच्या निबंधांत जें मला सांपडलें होतें तेंच ती सांगत होती, फक्त ती देवाच्या बाजूनें सांगत होती.

तिचें हें वाक्य आठवलें कीं मला न्यायमूर्ति रानड्यांचें प्रायश्चित्त आठवतें. १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्याबद्दल कित्येक प्रतिष्ठितांवर बहिष्कार पडला. रानडे त्यांत होते. पुढें त्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. आपण पाप केलें असें वाटलें म्हणून नव्हे. स्नेह्यांच्या घरचे हाल थांबावे म्हणून. रमाबाईंना तें किती लागलें हें त्यांच्या आठवणींत वाचावयास मिळतें. रानड्यांसारख्याला दोष देण्याची माझी योग्यता नाहीं, पण या एका बाबतींत माझें मन रमाबाईंकडे जातें. परक्यांसाठीं वांकणें एकदां थोर माणसानें केलें कीं मागच्यांना त्याची सवलत मिळते. आणि मागच्यांपाशीं रानड्यांची करुणा असतेच असें नाहीं.

सहा वर्षांपूर्वीं आई गेली. आईचे विधि धाकट्या मुलानें करावयाचे असा आमच्याकडे प्रघात आहे, आणि धाकटा मी. दादा पुण्यास मोठे अभियंते होते. ते स्वतः वर्षाकांठीं एकदांहि देवळांत जात नाहींत, तरी मला म्हणाले, "अरे, दहा दिवसांचा प्रश्न आहे. मनांत नसलं तरी कर. लोक काय म्हणतील? शिवाय यामागं मानसशास्त्र आहे." मीं नाहीं म्हटलें. चुलत्यांनीं बोलणें टाकलें, आत्यानें घर सोडलें. मामांना, म्हणजे आईच्या सख्ख्या भावाला, सहीहि येत नाहीं; ते त्या रात्रीं माझ्या अंथरुणापाशीं येऊन बसले आणि एवढेंच विचारलें, "तिला ठावं होतं का?" मीं होय म्हटलें. ते उठून गेले.

दहाव्याला आम्हीं गंगाखेडला गोदावरीवर गेलों. विधि दादांनीं केला. मी घाटाच्या पायऱ्यांवर त्यांचे कपडे, मोबाईल आणि घड्याळ सांभाळीत बसलों. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. अर्धा तास गेला, तास गेला. मंडळी माझ्याकडे पाहूं लागलीं; कोणीतरी ऐकूं येईल अशा बेतानें म्हणालेंहि, कीं म्हातारीचा जीव धाकट्यांत अडकला आहे. पुलांचीं गणितें ज्यांनीं केलीं ते माझे दादा ओल्या धोतरानिशीं हात जोडून आकाशाकडे पाहात होते, आणि त्यांचे ओंठ थरथरत होते. मामा माझ्या शेजारीं बसले होते. ते डोळ्यांवर हात धरून पलीकडच्या कांठाकडे पाहात म्हणाले, "उन्हाचं कावळं झाडात बसत्यात. उतरतील जरा वेळानं."

दुपार कलल्यावर एक कावळा खालीं आला. मामांनीं माझ्या हातांतलें घड्याळ घेतलें आणि पायऱ्या उतरून तें दादांना नेऊन दिलें.