गादी आणि कंबर

बोरीवलीच्या बाजारात तीस वर्षे कापडाचे दुकान सांभाळलेल्या एका गृहस्थांची कंबर तागा उचलताना धरली. घरात सर्वांनी त्या ताग्यालाच दोष दिला. परंतु तो केवळ निमित्त होता. थकबाकी तीस वर्षांची होती. दिवसभर गादीवर पुढे झुकून बसणे, गुडघे न वाकवता ओझे उचलणे, चालणे जवळजवळ नाहीच. कमरेच्या पाच मणक्यांवर धडाचा भार असतो. पाठीचे व पोटाचे स्नायू दुबळे झाले की तो त्यांना पेलवत नाही.

४८ मिनिटांचे सामायिक खुर्चीवर बसून करावे लागते, हे दुःख त्यांना वेदनेहून मोठे वाटे. शस्त्रक्रियेची धास्तीही होती. डॉक्टरांनी ती दूर केली. बहुतेक कंबरदुखी स्नायूंच्या ताणाची असते व काही आठवड्यांत ओसरते. अंथरुणाला खिळून राहू नये, झेपेल तितके चालावे. मात्र पाय बधिर वा लुळा पडला, लघवीवरचा ताबा सुटला, तर क्षणभरही थांबू नये.

आता ते तासातासाला गादीवरून उठतात, तागा छातीशी धरून गुडघ्यांच्या बळावर उचलतात. सकाळी राष्ट्रीय उद्यानातील त्रिमूर्ती मंदिरापर्यंत पायी जातात. सामायिक पुन्हा कटासनावर सुरू झाले आहे.