नाळ की सांदण?

आम्ही माळव्याची माणसे. जानापावच्या टेकडीहून उंच असे आम्ही लहानपणी फारसे काही पाहिले नाही. तरीही सह्याद्रीचे वेड आमच्या इंदूरच्या घरात तीन पिढ्या नांदते आहे. रविवारी सायंकाळचा चहा झाला की छायाचित्रे निघतात, जुन्या आल्बममधली काय नि मोबाइलच्या पडद्यावरची काय, आणि 'हा डोंगर कोणता?' असा सवाल पडतो. उत्तर नुसते देऊन भागत नाही. खूण सांगावी लागते.

काही चित्रे मोठी फसवी असतात. कातळाला आरपार भोक दिसले की मुले 'राजगड' म्हणून ओरडतात. पण नेढे रतनगडालाही आहे. राजगडाचे नेढे सुवेळा माचीच्या लांबलचक धारेवर, रतनगडाचे गडाच्या ऐन माथ्यावर. दोन उभ्या भिंती नि मध्ये खिंड असली तर तैलबैला, हे आता धाकटेही झोपेत सांगतात. आडव्या थरांचा काळा कातळ ही तर साऱ्या सह्याद्रीचीच खूण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे ते थर. आमच्या माळव्याचे पठारही त्याच खडकाचे, तेव्हा हा सोयरसंबंध जुना आहे, असे आम्ही पाहुण्यांना आवर्जून सांगतो.

गेल्या वर्षी या खेळाला निराळेच वळण लागले. कैलासवासी थोरल्या काकांचे एक कृष्णधवल चित्र हाती आले. दोन्ही बाजूंना कडे, पायांखाली धोंडेच धोंडे, नि काका दोन्ही हात टेकून वर येताहेत. मागे 'डिसेंबर १९७६' एवढेच लिहिलेले. आमचा पुतण्या पाहताक्षणी म्हणाला, "ही तर साम्रदची सांदण दरी!" आणि श्रावणात मुलांना घेऊन काकाआजोबांच्या वाटेने जायचे, असा बेतही त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकला.

आत्याबाईंनी भिंग मागवले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सांदणीत आभाळाची चिंधी दिसते रे. इथे तर सुपाएवढं आभाळ आहे."

खरेच होते. सांदण म्हणजे जमिनीला पडलेली भेग. दोन्ही भिंती इतक्या जवळ की वर प्रकाशाची एक पट्टी उरते. या चित्रात कडे वर फाकत गेलेले, आणि काकांच्या पाठीमागे, खूप खाली, कोकणातली भाताची खाचरे. म्हणजे ही घाटमाथ्यावर चढणारी नाळ. बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्याच्या कुशीतून येणारी नळीची वाट! आणखी एक गोष्ट आत्याबाईंनीच दाखवली. काकांची सावली वरच्या अंगाला पडली होती. सूर्य पश्चिमेला कललेला, खाचरांचे बांध अजून ओळखू येताहेत, म्हणजे चढ पुष्कळच शिल्लक. पहाटे निघावे अशा वाटेवर काका दुपार टळल्यावर निम्म्यातही नव्हते. रात्र त्यांनी कोठे काढली असेल?

आजीला त्यांनी सांगितले होते, "खिरेश्वरहून तोलार खिंडीने गेलो, अगदी हमरस्ता."

श्रावणाचा बेत अर्थातच मोडला. सांदण काय नि नाळ काय, दोन्ही पावसाच्या पाण्याच्याच वाटा. पाऊस लागला म्हणजे तेथे माणसाचे काम नाही. नाळेत वरून धोंडेही सुटतात. पुतण्या हिरमुसला. हिवाळ्यात, गावचा वाटाड्या नि दोर घेऊन, मुलांना घरी ठेवून जा, असे त्याला बजावले. नाळेत घसारा नि कातळटप्पे आहेत, दृष्टिभयही आहे. नुसत्या उत्साहावर ती चढता येत नाही.

मार्गशीर्षात आम्ही सगळेच निघालो. सेंधव्याचा घाट, धुळे, नाशिक, घोटी, राजूर असे करीत पाचनईला मुक्काम केला. हा मुलूख ज्या जिल्ह्यात येतो त्याला २०२४ साली आमच्या अहिल्यामातेचे नाव मिळाले, याचे इंदूरकरांना अप्रूप वाटणारच. पाचनईची वाट सोपी. आत्याबाईंसाठी थांबत थांबत गेलो. केदारेश्वराच्या गुहेत, गार पाण्यात उभ्या असलेल्या त्या भव्य पिंडीपुढे हात जोडले. चार खांबांपैकी एकच अभंग उरला आहे.

पुतण्या पहाटे बेलपाड्याहून वाटाड्यासह निघाला होता. आम्ही कोकणकड्यावर त्याची वाट पाहत बसलो. कडा आत वळलेला, वाटीसारखा. काठाशी जायचे ते पोटावर पालथे होऊनच. उन्हे कलली तरी पोराचा पत्ता नाही. आत्याबाई गप्प होत्या. अखेर पाचाच्या सुमारास नाळेच्या माथ्याकडून हाक आली, आणि धुळीने माखलेला, गुडघा खरचटलेला पुतण्या हसत पुढ्यात उभा राहिला.

आत्याबाईंनी त्याला पाणी दिले. मग त्या काठाजवळ गेल्या, सावकाश पालथ्या झाल्या नि बराच वेळ खाली पाहत राहिल्या.

"तोलार खिंड म्हणे!" एवढेच त्या म्हणाल्या.