आत्याची कागदी शाळा

कागदाच्या बाहुल्या म्हटल्या, की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. "अभ्यास सोडून हे काय कात्रण मांडलंय?" हा प्रश्न कोणत्या घरात विचारला गेला नसेल? त्या सर्व वडीलधाऱ्यांचा मान राखून मी सांगते, की माझा सहावीचा बहुतेक अभ्यास कागदाच्या बाहुल्यांनीच करून घेतला.

हे १९६० सालचं. पावसाळ्यात घसा दुखण्याचं निमित्त झालं आणि पाठोपाठ सांधे सुजून ताप भरला. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग बाहेर जाऊन वडिलांशी हलक्या आवाजात बोलले. मला कळलं ते एवढंच, की सहा महिने अंथरूण सोडायचं नाही. शाळेतून निरोप आला, 'मुलीचं वर्ष बुडालं असंच समजा.'

आमच्या घरी तेव्हा आत्या होती. मराठी चौथीनंतर तिची शाळा सुटली, चौदाव्या वर्षी लग्न झालं, आणि बाविसाव्या वर्षी ती कायमची माहेरी परतली. स्वयंपाकघराबाहेरच्या गोष्टींत तिला कुणी फारसं विचारीत नसे. दुपारची निरवानिरव झाली, की ती माझ्या उशाशी येऊन बसे. हातात कात्री, चिंचोक्याच्या खळीची वाटी, जुन्या लग्नपत्रिका आणि थोडा पतंगाचा कागद.

पहिली बाहुली पाच इंचांची झाली. आत्या म्हणाली, "माझी उंची पाच फूट. म्हणजे माझा एक फूट तो हिचा एक इंच. आता सांग बघू, मला नऊवारी लुगडं लागतं, हिला केवढं लागेल?"

नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. म्हणजे सत्तावीस इंच! एवढ्याशा ठकीला एवढी लांब पट्टी? माझा विश्वास बसेना. दोन कागद चिकटवून पट्टी केली, निऱ्या घातल्या, काष्टा मारला, पदर घेतला, आणि काय आश्चर्य, सगळं बरोबर बसलं! शाळेत प्रमाणाची गणितं पाहिली, की माझ्या पोटात गोळा येई. त्या दुपारनंतर तो आला नाही. नकाशावरचं 'एका इंचास अमुक मैल'सुद्धा मला मग निराळं समजावून द्यावं लागलं नाही.

मग आल्या हातात हात घातलेल्या बाहुल्या. कागदाच्या पट्टीला तीनदा घडी घातली, की आठ पदर होतात. घडीच्या ज्या कडेला सुटी टोकं नाहीत, तिथं अर्धी बाहुली काढून कातरायची. उलगडलं, की चार बाहुल्या. "आणि दुसऱ्या कडेला काढली तर?" मी विचारलं. आत्यानं तशीही कातरून दाखवली. मधे तीन सबंध, आणि दोन टोकांना दोन अर्धुकं! "म्हणजे किती झाल्या?" तिनं विचारलं. तीन आणि दोन अर्ध्या, चारच! अपूर्णांकांची भीती गेली ती अशी.

त्या दिवसांत नवे पैसे येऊन तीन वर्षं झाली होती, तरी बाजारात आण्यांचीच भाषा चाले. आम्ही बाहुल्यांचं दुकान मांडलं. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे. मग चार आण्यांचे चोवीस का नाहीत, पंचवीस का? आण्याचे खरे सव्वासहा होतात आणि सुट्टे देताना पाव पैसा गळतो, हे आम्हां दोघींना मिळूनच उमगलं. होय, दोघींना! मला शिकवताना आत्याही शिकत होती. माझं पुस्तक ती रात्री कंदिलाशी नेऊन वाची.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं होतं. माझ्या भूगोलात मात्र अजून जुनंच मुंबई राज्य होतं. आत्यानं नव्या राज्याच्या सव्वीस जिल्ह्यांच्या सव्वीस बाहुल्या करायला घेतल्या. कुलाब्याची कोळीण, नागपूरची संत्रीवाली, औरंगाबादची पैठणी नेसलेली. पैठणी का, तर पैठण त्या जिल्ह्यात, गोदावरीकाठी. नदी आली, की नदीकाठची गावं आपोआप येत.

पुढं माझ्या वाचनात आलं, की १८१० साली लंडनमध्ये फुलर नावाच्या प्रकाशकांनी 'लिटल फॅनी'ची गोष्ट काढली होती. तिच्याबरोबर कागदाचे पोशाख आणि एक सुटं मुंडकं असे. गोष्ट जशी सरके, तसं ते मुंडकं नव्या पोशाखात खोचायचं. आत्याला फॅनीचा गंधही नव्हता. पण मार्ग तोच!

एका रात्री मात्र मला राहवलं नाही. "आत्या, मी मरणार का गं?" मी विचारलं. ती काही बोलली नाही. पुढच्या खेपेला डॉक्टर आले, तेव्हा पदर सावरून ती पहिल्यांदाच त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पोरीच्या काळजाला काय झालंय, ते कागदावर काढून द्या."

दुसऱ्या दिवशी एक निराळीच बाहुली तयार झाली. तिचं पोलकं दारासारखं उघडे. आत चार कप्प्यांचं काळीज, आणि कप्प्यांमधे एकाच बाजूला उघडणारी कागदाची इवलीशी झडप. "रक्त पुढं जातं, मागं येत नाही. तुझी ही झडप सुजलीय. तिला विसावा हवा, म्हणून तुला निजवलंय." मी ती झडप बोटानं कितीदा तरी उघडली, मिटली. न दिसणाऱ्या दुखण्याचं भय वाटतं; हे दुखणं मला दिसलं होतं. त्या रात्री मला शांत झोप लागली.

१९६१च्या एप्रिलात वडिलांनी फार रदबदली केली, तेव्हा मला परीक्षेला बसू दिलं. मी पास झाले. वडिलांनी पावशेर पेढे आणले.

पुढच्या वर्षी आत्यानं बाहेरून सातवीचा अर्ज भरला. घरात कुजबूज झाली, पण वडील तिच्या पाठीशी उभे राहिले. बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या बाकावर ती चौतीस वर्षांची बाई जाऊन बसली आणि पास होऊन आली. या वेळी वडिलांनी पेढे आणले ते चांगले अर्धा किलो! पावशेरात आणि अर्ध्या किलोत किती फरक, हे सांगितल्याशिवाय आत्यानं मला एकाही पेढ्याला हात लावू दिला नाही.