वीस मिलिग्रॅम

निवोलुमॅब हे औषध कर्करोगाच्या पेशींना थेट मारत नाही. शरीरातल्या टी पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, अर्बुद तो दाबून धरते आणि हे औषध तो मोकळा करते. पीडी-१ वरच्या कामासाठी तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. डोके आणि मानेच्या परतलेल्या कर्करोगात औषधाची मोठी चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. नव्या औषधावर वर्षभर जगलेले रुग्ण ३६ टक्के होते, जुन्या औषधांवर १७ च्या आत. मात्रा वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. पुढे ती सरसकट २४० झाली.

ही मात्रा आली कुठून? केमोथेरपीत रुग्णाला सोसेल तेवढे जास्त देण्याची रीत होती, कारण तिथे मात्रा वाढली की मारा वाढतो. ब्रेकचे तसे नाही. सगळे पीडी-१ व्यापले की वरचे औषध रक्तात नुसते फिरते. सुरुवातीच्या चाचण्यांत किलोमागे ०.३ मिलिग्रॅमलाच हे रेणू जवळपास भरलेले दिसले होते. तरी मोठ्या चाचण्या तेवढ्या खाली उतरल्या नाहीत. चाचणीचा खर्च कंपनी करते आणि आपलाच खप घटवणारा शोध ती कशाला लावेल?

प्रस्तुत लेखिकेच्या वडिलांच्या गालाचा कर्करोग शस्त्रक्रिया आणि शेकानंतर मानेत परतला, तेव्हा एका खाजगी रुग्णालयात डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे महिन्याचा आकडा लिहून दिला. कागदावर मिलिग्रॅम नव्हते, फक्त रुपये. “परवडत असेल तर सुरू करू, नाहीतर गोळ्या आहेतच.” आत्याने विचारले, “डॉक्टर, थोडं कमी दिलं तर?” उत्तर आले, “तसं चालत नाही, प्रोटोकॉल असतो.” घरात त्यानंतर आठवडाभर बोलणे झाले ते शेताच्या किमतीबद्दल. शेवटी वडिलांनीच नको म्हटले आणि गोळ्या सुरू झाल्या.

नेमका आत्याचा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचणीत घातला. रुग्ण १५१. सगळ्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही तोंडाने घ्यायची औषधे. त्यातल्या ७६ जणांना शिवाय दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निवोलुमॅब, म्हणजे तीन आठवड्यांच्या नेहमीच्या मात्रेचा अठरावा हिस्सा. वर्षभर जगलेले रुग्ण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ वर गेले. निम्मे रुग्ण किती काळ जगले, तो आकडा ६.७ महिन्यांवरून १०.१ वर आला. गंभीर दुष्परिणाम वाढले नाहीत.

कोणाला इंजेक्शन मिळेल हे अशा चाचणीत चिठ्ठीने ठरते. उरलेल्या ७५ जणांच्या घरचे काय म्हणत असतील, हा विचार लेखिकेला बराच काळ छळत होता. आता वाटते, चिठ्ठी नसती तर २० मिलिग्रॅमवर कोणी विश्वास ठेवला नसता. अर्थात हे ज्याच्या घरची चिठ्ठी नव्हती त्याने म्हणणे सोपे आहे.

औषध लागू पडते आहे का हे पाहणाऱ्या स्कॅनचीही एक गोम आहे. ठरावीक गाठींच्या मापांची बेरीज ३० टक्क्यांनी घटली तर प्रतिसाद, २० टक्क्यांनी वाढली तर आजार बळावला, असा नियम. पण या औषधात क्वचित प्रतिकारपेशी गाठीत गर्दी करतात आणि गाठ आधी फुगलेली दिसते. म्हणून २०१७ च्या सुधारित निकषांत काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून मगच वाढ पक्की धरायची सोय केली. पैसे संपत आलेल्या घराला हे काही आठवडे कोण समजावून सांगणार, हा प्रश्न निकषांत नाही.

वडील गेले तेव्हा मुंबईचा निकाल आलेला नव्हता. त्यामुळे त्या डॉक्टरांना दोष देता येत नाही. लेखिका तो तरीही देते, कारण ०.३ चा आकडा तेव्हा छापलेला होता.

मुंबईच्या चाचणीने कमी मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नाही, तर निवोलुमॅब न देण्याशी केली. म्हणून २० हे २४० च्या तोडीचे आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये कर्करोगाच्या औषधांची योग्य मात्रा मंजुरीआधीच शोधावी म्हणून प्रोजेक्ट ऑप्टिमस सुरू केला. त्याचा रोख मुख्यतः येणाऱ्या औषधांवर आहे.