मेणबत्ती विझल्यावर

परातीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर पालथा घातलेला काचेचा पेला. ज्योत मंद होत जाते, विझते आणि परातीतलं पाणी सुर्रकन पेल्यात चढतं. शाळेत विज्ञान शिकलेल्या बहुतेकांना हा प्रयोग आठवत असेल, आणि त्याचं अनुमानही. ज्वलनात पेल्यातल्या हवेतला ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून पाणी साधारण पाचव्या हिश्शापर्यंत चढलं. मी लहानपणी हेच शिकले आणि शिक्षिका झाल्यावर अकरा वर्षं हेच शिकवलं. पेल्याला पट्टी लावायची, उंची मोजायची, फळ्यावर ‘ऑक्सिजन २१ टक्के’ असं लिहून खाली दोन रेघा मारायच्या. मुलं टाळ्या वाजवायची. तपासणीला कुणी आलं की मी हाच पाठ घ्यायची.

बाराव्या वर्षी सातवीच्या वर्गात खिडकीजवळ बसणारी एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फारसं बोलत नसे. म्हणाली, “बाई, मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी चढलंच नाही. विझल्यावर चढलं.”

“हो, कारण विझली म्हणजेच ऑक्सिजन संपला ना,” मी म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. ती खाली बसली. वहीत तिने मी फळ्यावर लिहिलेलंच उतरवून घेतलं. मी ते पाहिलं, आणि तास संपल्याची घंटा झाली.

संध्याकाळी भाकरी थापताना ते वाक्य पुन्हा डोक्यात आलं. ऑक्सिजन काही एका क्षणात संपत नाही. मेणबत्ती जळतेय तोवर तो थोडा थोडा खर्च होत असणार. मग पाणीही थोडं थोडं, जळतानाच चढायला हवं. ते तर थांबून राहतं आणि विझल्यावर एकदम उडी घेतं. मुलीने जे पाहिलं होतं ते मी अकरा वर्षं डोळ्यांसमोर घडताना पाहिलं नव्हतं, कारण काय पाहायचं ते मला आधीच ठाऊक होतं.

जेवणं झाल्यावर ओट्यावर ताट मांडलं. पहिल्याच खेपेला दिसलं की पेला ठेवताच त्याच्या कडेखालून बुडबुडे बाहेर पडतात. म्हणजे आतली हवा तापून फुगते आणि तिच्यातली काही निसटून जाते. मग एकाऐवजी दोन मेणबत्त्या लावल्या. पाणी जास्त चढलं. तीन लावल्या, आणखी चढलं. पेला तोच, त्यातली हवा तेवढीच, तिच्यातला ऑक्सिजनही तेवढाच. पाणी ऑक्सिजनच्या जागी चढत असेल तर मेणबत्त्या वाढवल्याने ते वाढायचं काही कारण नाही. शेवटी एकही मेणबत्ती न लावता पेला कढत पाण्याने विसळला आणि तसाच पालथा घातला. पेला निवत गेला तसं पाणी आत चढलं. ज्योतच नव्हती, तेव्हा ऑक्सिजन जाळायला कुणी नव्हतं.

खरं कारण मुख्यतः उष्णतेचं आहे. ज्योतीने तापलेली हवा पेल्यात कोंडली जाते, तिच्यातली काही बाहेर पडते. ज्योत विझली की उरलेली हवा निवून आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. मेणबत्ती विझते तेव्हा आतला ऑक्सिजन संपलेलाही नसतो. तो साधारण १६ टक्क्यांवर आला की ज्योत तग धरत नाही. जो ऑक्सिजन खर्च होतो त्याच्या सुमारे दोन तृतीयांश आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड त्याच्या जागी तयार होतो, आणि तो पाण्यात विरघळायला वेळ लागतो. पाण्याची वाफही होते, ती थंड काचेवर जमते. या सगळ्याचा थोडाफार वाटा असतोच, पण पाचवा हिस्सा भरून येतो तो बराचसा योगायोगाने, पेला आणि मेणबत्ती यांच्या मापामुळे. हा प्रयोग काही आजचा नाही. बायझँटियमच्या फिलोने तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे. इतका जुना आणि इतका देखणा, म्हणूनच त्याचं चुकीचं अनुमान इतक्या सहज हातोहात पुढे जात राहिलं असावं.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि सांगितलं की काल मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, आणि हिने विचारलं ते बरोबर होतं. तीन मेणबत्त्या टेबलावर ठेवल्या. “आता पाणी कितपत चढेल? आणि का?” असं विचारून मी गप्प बसले.

गप्प बसणं ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात शेकडो विज्ञानवर्गांचं ध्वनिमुद्रण ऐकून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतो. तेवढ्यात उत्तर आलं नाही की दुसऱ्याला विचारतो, नाही तर स्वतःच सांगून टाकतो. हीच वेळ तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरं लांबतात, कारणं यायला लागतात, एरवी न बोलणारी मुलं बोलतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद! मला ते जमायला दोन वर्षं लागली. वर्ग शांत झाला की वाटतं आपलं काहीतरी चुकलं, दाराबाहेरून जाणाऱ्याला वाटेल बाई शिकवत नाहीत. अनुभवाने एक कळलं: खडू हातात असला की हात फळ्याकडे जातोच. म्हणून प्रश्न विचारला की आधी मी खडू खाली ठेवते आणि दोन्ही हात टेबलावर टेकते. मुलांनाही आता हे ठाऊक झालंय. बाईंनी खडू ठेवला म्हणजे विचार करायचा.

दुसरी शांतता त्याहून अवघड असते, उत्तर आल्यानंतरची. बरोबर उत्तर आलं की तोंडातून ‘शाब्बास’ निघतंच, आणि त्या एका शब्दाने बाकीच्या सगळ्यांचा विचार थांबतो. आता मी ‘शाब्बास’ लगेच म्हणत नाही. “हिचं पटतंय का? कुणाला वेगळं वाटतं?” एवढंच विचारते.

अशाच एका शांततेतून माठ बाहेर आला. जुलै महिना होता. बर्फाचं पाणी घातलेल्या स्टीलच्या तांब्याला बाहेरून घाम आला होता. हे थेंब कुठून आले, असं विचारून मी थांबले होते. एक मुलगा म्हणाला, “झिरपलं. माठासारखं.” पूर्वी मी ‘चूक’ म्हणून पुढे गेले असते. पण त्याच्या घरी दारात माठ होता आणि तो बाहेरून ओला असायचा, हे त्याने रोज पाहिलेलं. माठाबद्दल त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. भाजलेल्या मातीच्या छिद्रांतून पाणी खरोखरच झिरपतं, त्याची वाफ होते, म्हणून तर आतलं पाणी गार राहतं. त्याने फक्त माठाचा नियम स्टीलला लावला होता, आणि तो लागू पडत नाही हे त्याला कळावं असं काही मी त्याला कधी दाखवलंच नव्हतं.

आम्ही तांब्यात लाल रंग घातला आणि बाहेरचे थेंब पांढऱ्या फडक्याने टिपले. फडक्याला रंग लागला नाही. मला वाटलं, संपलं. तो म्हणाला, “रंग आत राहिला असेल बाई. आई फडक्यातून पाणी गाळते तेव्हा गाळ वरच राहतो.” इतका नेमका आक्षेप मला कुठल्या प्रशिक्षणातही कुणी घेतलेला आठवत नाही. मग गावातल्या किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा आणला. झाकण घट्ट लावलेली स्टीलची बाटली बर्फाच्या पाण्याने भरली, कोरडी पुसली आणि काट्यावर ठेवली. पाणी आतून बाहेर आलं तर वजन तेवढंच राहील, असं आधी त्याच्याकडूनच वदवून घेतलं. सगळा वर्ग काट्याभोवती. बाटलीवर घाम धरायला लागला आणि आकडा एक ग्रॅमने चढला, मग दोनने, मग तीनने. तो बराच वेळ आकड्याकडे पाहत होता. मग त्याने वर्गभर नजर फिरवली आणि विचारलं, “म्हणजे इथल्या हवेत पाणी आहे? आत्ता?”

बाष्पीभवन, संघनन हे शब्द त्या वर्षी मी त्यानंतर फळ्यावर लिहिले.

रंगतदार अध्यापन म्हणजे काय, यावर आम्हा शिक्षकांना खूप सांगितलं जातं. गाणी, खेळ, कोडी, रंगीत चार्ट, मोबाइलवरचे व्हिडिओ. यातलं काहीच वाईट नाही. पण माझी मेणबत्ती अकरा वर्षं पुरेशी रंगतदार होती, टाळ्याही मिळवत होती, आणि त्या अकरा वर्षांत एकाही मुलाने तिच्याबद्दल विचार केला नव्हता. मुलाने स्वतःचा अंदाज आधी सांगितलेला असतो आणि मग समोरचा आकडा त्याला खोडतो किंवा दुजोरा देतो. वर्गात जीव येतो तो त्या क्षणी. म्हणून प्रयोगाआधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा आणि नंतर तो खोडायचा नाही, हा नियम मी कधी मोडत नाही.

हे सगळं एकटीने जमलेलं नाही. शासनाची प्रशिक्षणं मी केली आहेत. काहींत चांगलं शिकायलाही मिळालं. पण एका प्रशिक्षणात दिवसभर पडद्यावरच्या पाट्या वाचून दाखवल्या गेल्या, आणि एका ऑनलाइन वर्गात ‘पुढे’ हे बटण दाबत राहिलं की प्रमाणपत्र मिळत होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. ५० तास काही थोडे नव्हेत. ते कशाने भरायचे, याची मला चिंता वाटते.

याचं उत्तर मला सापडलं ते मध्य प्रदेशातल्या एका जुन्या कामात. होशंगाबाद, म्हणजे आजचं नर्मदापुरम. तिथे १९७२ मध्ये १६ उच्च प्राथमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात गेला. प्रयोग मुलांनी स्वतःच्या हाताने करायचे, परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायचं, प्रात्यक्षिकालाही गुण. मुलांनी मनात येईल तो प्रश्न ‘सवालीराम’ला पत्राने विचारायचा आणि त्याला उत्तर यायचं. पुण्यात टेल्कोमध्ये इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन याच कार्यक्रमात गेले होते. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची त्यांची खेळणी नंतर आपल्याकडे घरोघर पोचली. हा कार्यक्रम सरकारने २००२ मध्ये बंद केला. त्याबद्दल वाचताना मला सगळ्यात मोलाची वाटली ती त्यांची मासिक गोष्ठी. दर महिन्याला परिसरातले शिक्षक एकत्र बसत आणि वर्गात काय अडलं, मुलांनी काय विचारलं, कोणता प्रयोग फसला, ते एकमेकांसमोर मांडत.

आम्ही पाच शाळांतल्या पाच शिक्षकांनी तेवढंच उचललं. महिन्याची केंद्राची शिक्षण परिषद संपली की पाऊण तास मागे थांबायचं. प्रत्येकाने मुलांच्या वहीतलं एक चुकलेलं उत्तर आणायचं, नाव झाकून. पोरं कच्ची आहेत, असं म्हणायचं नाही. त्या मुलाने असा विचार का केला असेल, एवढंच शोधायचं. पहिल्याच बैठकीत मी मेणबत्ती मांडली. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ गुरुजी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, चिडले. “तीस वर्षं शिकवलंय मी हे,” म्हणाले. मी काही बोलले नाही, तीन मेणबत्त्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी स्वतः पेला पालथा घातला, पुन्हा घातला, मग कढत पाणी मागवलं. शेवटी म्हणाले, “उद्या माझ्या वर्गाला सांगावं लागेल.” आणि त्यांनी खरोखर सांगितलं. माझ्या लेखी आमच्या केंद्रातलं सगळ्यात मोठं प्रशिक्षण ते होतं.

गेल्या ऑगस्टच्या सुरुवातीला आमच्या पाच शाळांनी मिळून शून्य सावली पाहिली. आमच्या सोलापूरच्या अक्षांशावर सूर्य मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी बरोबर डोक्यावर येतो. मेमध्ये शाळेला सुट्टी असते, म्हणून ऑगस्ट. ढग होते, पण तासाभरासाठी उघडीप मिळाली. उभ्या काठीची सावली नाहीशी झाली ती साडेबारानंतर, आणि सगळ्या शाळांत मुलांनी एकच प्रश्न विचारला: बाराला का नाही? आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आपण शहात्तरच्या आसपास, दर अंशाला चार मिनिटं. हा हिशेब मुलांनीच मांडला आणि तरी पाच-सहा मिनिटं उरली. ती उरलेली मिनिटं कुठून आली, यावर आमची एक बैठक झाली.

अडचणी मला ठाऊक आहेत. दोन वर्गांना एकाच खोलीत शिकवणारे शिक्षक आहेत, पोषण आहाराच्या नोंदी आहेत, निवडणुकीची कामं आहेत, अभ्यासक्रम संपवायचा आहे. प्रत्येक पाठ मी असा घेऊ शकत नाही. वर्षाकाठी सहा घेते, बाकीचे नेहमीसारखे. सहा पाठांतून मुलांना विचारायची सवय लागते आणि ती बाकीच्या पाठांतही झिरपते.

विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती आहे. या सत्रात मेणबत्तीचा पाठ येईल तेव्हा एकीऐवजी तीन मेणबत्त्या न्या. पाणी चढेल तेव्हा काही सांगू नका. ते कधी चढलं, हे मुलांनाच सांगू द्या.