तिहोचे दगड

मी मेक्सिकोतल्या मेरिदाला गेले ते एका तारखेसाठी. 12 जुलै 1562. त्या दिवशी तिथल्याच युकातान भागात, मानी नावाच्या गावात, दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनं मायांच्या हजारो मूर्ती नष्ट केल्या आणि त्यांचे ग्रंथ जाळले. अंजिराच्या जातीतल्या झाडाच्या सालीचा कागद, त्यावर चुन्याचा लेप, घड्या घालून मिटणारे ते ग्रंथ. ते सत्तावीस होते असं सांगितलं जातं. माझी तीस वर्षं मोडी कागद वाचण्यात गेली. वाळवीनं खाल्लेला कागदपत्रांचा एखादा रुमाल उघडला की त्या दिवशी मला जेवण जात नाही. निवृत्तीनंतर दूरचा एकच प्रवास करायचा तर तो इथंच, हे मनाशी कधीचं ठरलं होतं. सोबत कुणी नव्हतं. रोज रात्री फोन करीन असं मुलीला कबूल केलं आणि एकटीच निघाले.

मेरिदाच्या जुन्या भागात रस्ते आकड्यांनी ओळखतात. उत्तर-दक्षिण जाणारे सम, पूर्व-पश्चिम जाणारे विषम. त्यामुळे स्पॅनिश न येणाऱ्या बाईचीही वाट चुकत नाही. 60 आणि 61 क्रमांकांचे रस्ते मिळतात तिथं मोठा चौक आणि चौकाच्या पूर्वेला कॅथेड्रल. फ्रान्सिस्को दे मोंतेहो या स्पॅनिश सरदाराच्या मुलानं, त्याचंही नाव तेच, 6 जानेवारी 1542 रोजी हे शहर वसवलं असं पुस्तकांत वाचून गेले होते. तिथं उभी राहिल्यावर 'वसवलं' हा शब्द मला पटेना. इथं तिहो नावाचं मायांचं शहर आधीच होतं. त्याच्या चौथऱ्यांचे आणि देवळांचे दगड काढून नवं शहर उभं राहिलं. 1561 ते 1598 या काळात बांधलेलं हे कॅथेड्रलही त्याच दगडांचं. भर दुपारी त्या भिंतीला हात टेकवून मी बराच वेळ उभी होते. एकेक दगड वेगळ्या मापाचा, वेगळ्या हातानं घडवलेला.

चौकाच्या दक्षिणेला मोंतेहोंचा वाडा आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर भाले घेतलेले दोन स्पॅनिश शिपाई कोरलेत आणि त्यांचे पाय माणसांच्या मुंडक्यांवर आहेत. शेजारून कॉलेजची मुलं आइस्क्रीम खात जात होती. मला तिथून पटकन निघावंसं वाटलं. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलचं काम सुरू झालं तेही 1562 मध्येच आणि गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं ते 1560 मध्ये. दोन महासागरांआडच्या या दोन गोष्टी एकाच वेळच्या आहेत, हे मला त्या वाड्यासमोर पहिल्यांदा नीट उमगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं उश्मालला, मायांच्या जुन्या शहराचे अवशेष बघायला गेले. मेरिदाच्या दक्षिणेला साधारण 80 किलोमीटर. वाटेत घायपाताची शेतं दिसली आणि परक्या मुलखात गाववालं भेटावं तसं झालं. आमच्याकडे बांधावर जे घायपात लावतात, ज्याचा वाख काढून दोर वळतात, त्याचीच ही सख्खी जात. घायपाताला इंग्रजीत सिसल म्हणतात ते इथल्याच सिसल बंदरावरून. मेरिदातले रुंद रस्त्यावरचे महाल याच वाखाच्या पैशावर उभे राहिले आणि शेतात राबणारी माया माणसं मळेवाल्यांच्या कर्जात पिढ्यान्‌पिढ्या अडकून पडली.

उश्मालचा मोठा पिरॅमिड समोर आला तेव्हा मी नुसती बघत राहिले. सुमारे 35 मीटर उंच, आणि पाया चौकोनी नाही. कडा गोलावलेल्या, लंबवर्तुळाकार. एका बुटक्यानं तो एका रात्रीत बांधला अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात एकावर एक असं पाच टप्प्यांत ते काम झालं. वर चढायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पलीकडे चार इमारतींनी वेढलेलं मोठं अंगण आहे. खोल्या मठातल्यासारख्या दिसल्या म्हणून स्पॅनिशांनी त्याला जोगिणींचा मठ म्हटलं. मूळ नाव कुणाला माहीत नाही, आणि हे परकं नाव मात्र सगळ्या पाट्यांवर.

भिंतींचा खालचा भाग साधा आणि वरचा दगडी जाळीनं गच्च भरलेला. त्यात पर्जन्यदेव चाकचे मुखवटे. (हा 'च' चहातला.) त्याचं लांब, वळलेलं नाक पाहून माझे हात आपोआप जोडले गेले. ती सोंड नाही, त्या काळात तिथं हत्ती नव्हता, हे ठाऊक असूनही. पावसाच्या देवाची एवढी आळवणी का, ते तिथंच जमिनीत दिसलं. युकातानमध्ये इतरत्र चुनखडी खचून पाण्याच्या नैसर्गिक विहिरी झाल्या आहेत. उश्मालच्या टेकड्यांच्या पट्ट्यात त्या नाहीत आणि नदी तर नाहीच. म्हणून मायांनी जमिनीत बाटलीच्या आकाराची टाकी खोदली, आतून गिलावा केला आणि भोवतीची फरसबंदी तोंडाकडे उतरती ठेवली. त्यांना चुल्तून म्हणतात. गडावरच्या टाक्याचं पाणी ओंजळीनं प्यालेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

त्या अंगणात आणखी एक गोष्ट आहे. दारांच्या वर दगडात छोट्या झोपड्या कोरल्या आहेत, गवतानं शाकारलेल्या. राजाच्या इमारतीवर साध्या माणसाचं घर.

परतीची बस माझी चुकली. फाट्यावर उन्हात उभी असताना एक लहान गाडी थांबली. आत भरतकामाचे पांढरे झगे घातलेल्या तीन बायका. त्यातल्या वयस्कर बाईंनी सरकून जागा दिली आणि काही विचारलं. ते स्पॅनिश नव्हतं. पुढच्या सीटवरच्या मुलीनं मोडक्या इंग्रजीत समजावलं: 'बिश आ बेल'. कशी आहेस असं विचारायचं, पण शब्दशः अर्थ तुझी वाट कशी आहे. उत्तर द्यायचं, 'मालोब', चांगली. मी म्हटलं तेव्हा तिघी मनापासून हसल्या. उतरताना आभाराचा शब्दही शिकले, 'दिओस बोओतिक', देव तुझं देणं फेडो. त्यातला 'दिओस' स्पॅनिश, बाकीचं माया. वाटेतल्या एका गावात गवतानं शाकारलेली घरं होती, अगदी भिंतीवर कोरलेली तशीच. मेक्सिकोत आज साडेसात लाखांहून अधिक लोक त्या बायकांची ही माया भाषा बोलतात. मायांना 'लुप्त' म्हणणं मी त्या दिवसापासून सोडलं आणि माझ्यासमोर दुसऱ्या कुणी म्हटलं तर अडवते.

शेवटच्या दिवशी मानीला गेले. सोळाव्या शतकातला मठ तसाच उभा आहे, पुढे विस्तीर्ण मोकळं पटांगण. मुलं सायकली फिरवत होती. याच लांदानं पुढे युकातानचा वृत्तांत लिहिला आणि त्यात एका माया माणसाला विचारून चिन्हं व त्यांचे उच्चार टिपून ठेवले. त्याला ती स्पॅनिशसारखी वर्णमाला वाटली. पुष्कळशी चिन्हं खरं तर अक्षरांची होती, आपल्या 'क', 'का', 'कु' सारखी. ते 1952 मध्ये लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव्हनं ओळखलं आणि लिपी बोलू लागली. उश्मालच्या राजाचं नाव आज वाचता येतं ते त्यामुळे. जाळणाऱ्याच्याच हातचं टिपण उपयोगी पडलं, तरी मी त्याला माफ करू शकत नाही. पटांगणाच्या मधोमध मी चप्पल काढून थोडा वेळ उभी राहिले.

त्या लिपीतले चारच ग्रंथ आज उरले आहेत. तीन युरोपात, ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिस इथं. चौथा मेक्सिको सिटीत. युकातानमध्ये एकही नाही.