शार्डोने आपल्या मातीतली, मग ताट परकं का?

मंडळी, आपल्या माळशिरस तालुक्याची ओळख म्हणजे ऊस, कारखाने आणि त्याभोवतीचं राजकारण. पण अकलूज परिसरात फ्रटेलीच्या मळ्यांत शार्डोने नावाचं फ्रेंच द्राक्षही पिकतं. ही गोष्ट आपल्या चावडीपेक्षा पुण्या-मुंबईच्या हॉटेलांना जास्त माहीत आहे.

गंमत बघा. 1976 साली पॅरिसमध्ये लेबलं झाकून वाईनची स्पर्धा झाली. फ्रेंच परीक्षकांनीच पांढऱ्या वाईनमध्ये पहिला नंबर दिला कॅलिफोर्नियाच्या शार्डोनेला! ती स्पर्धा भरवणारे स्टीव्हन स्पुरियर पुढे अकलूजच्या वाईनशी जोडले गेले. 'एम/एस' या वाईनच्या नावातला 'एस' त्यांचाच. त्यातल्या पांढऱ्या वाईनमध्ये शार्डोने आहे.

पूर्वी शार्डोने नव्या ओकच्या पिंपात इतकी मुरवायचे की लाकूड आणि लोण्याच्या वासाखाली द्राक्षच हरवायचं. लोक कंटाळले. आता जुनी पिंपं वापरतात, किंवा थोडाच भाग पिंपात आणि बाकीचा स्टीलच्या टाकीत. त्यामुळे आंबटपणा टिकतो, लाकूड नुसतं मागून जाणवतं. लोण्याचा वास कशामुळे? कच्च्या सफरचंदात असतं ते आम्ल जिवाणू बदलतात आणि दह्यातलं आम्ल तयार करतात. म्हणजे विरजणाचाच भाऊबंद की!

मग सोबत खायचं काय? लालभडक तर्रीचा रस्सा नको. तिखटावर अल्कोहोल जास्त जाळतो आणि लाकूड कडू लागतं. मला विचाराल तर आगटीत भाजलेला कोवळा हुरडा. त्याचा धुरकट वास आणि दुधाळ गोडी या वाईनशी मस्त जुळते. सोबत घट्ट दही. लसणाची चटणी मात्र बेतानं. दुसरं, उजनीची चिलापी, हळद-मीठ-लिंबू लावून तव्यावर परतलेली. तिसरं, लोणी लावलेलं मक्याचं कणीस. बाटली गार हवी, पण बर्फासारखी नको.

आता मुद्द्याचं. द्राक्षाची तोडणी आणि हुरड्याचा हंगाम साधारण एकाच वेळी येतो. बाहेरचा पाहुणा मळा बघायला येतो, वाईन पितो, पास्ता खातो आणि फोटो काढून जातो. ज्वारीवाला, उजनीचा मच्छीमार, भाकरी थापणारी मावशी, यांच्या हातात काय पडतं?

जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला, विरोध झाला, निर्णय अडकला. दोन्ही बाजू शेतकऱ्याचं नाव घेत होत्या. पण सगळं भांडण बाटली कुठल्या फळीवर ठेवायची याचं. शेजारच्या ताटाबद्दल कुणी बोललं नाही.

एक स्पष्ट सांगतो. वाईन सरबत नाही आणि औषध तर नाहीच. त्यात 12-13 टक्के अल्कोहोल असतो. दारूनं मोडलेल्या घरांच्या बातम्या मी स्वतः लिहिल्यात. जो पीत नाही त्यानं पिऊ नये, पिणाऱ्यानं गाडी चालवू नये. पण मळे उभे आहेत, पाहुणे येतायत. तो पैसा गावात फिरावा एवढंच म्हणणं.

बचत गटांनी, हुरडा पार्टीवाल्यांनी आणि वाईनरीनं एकदा एकत्र बसायला काय हरकत आहे? तुमचं मत कमेंटमध्ये लिहा. शिव्या नकोत, सूचना द्या.